रोबोटिक्स स्पर्धेचा खर्च: संघाची वही आणि आयोजकाची वही

स्पर्धेचं माहितीपत्रक शाळेत येतं तेव्हा त्यावर एकच आकडा ठळक छापलेला असतो, प्रवेश शुल्काचा. मुख्याध्यापक तोच पाहतात, पालकसभेत तोच सांगितला जातो आणि ‘हजारच रुपये ना, पाठवू या’ असं ठरतं. दोन महिन्यांनी मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटरला वीज पुरवणारं सर्किट, जळालेला असतो, सरावाला ट्रॅक नसतो आणि पुण्याला जायचे पैसे कोणी द्यायचे यावर शिक्षक आणि पालक एकमेकांकडे बघत बसतात.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. काही वर्षं मुलांचे संघ घेऊन स्पर्धांना जातो आहे आणि दोनदा शाळांची स्पर्धा भरवण्याच्या कामातही होतो. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या हिशेबाच्या वह्या माझ्याकडे आहेत. खालचे भाव साधारण धरलेले आहेत. तुमच्या गावात ते खाली-वर होतील, पण कुठल्या रकान्यात काय येतं ते फारसं बदलत नाही.

आधी स्पर्धा निवडा

‘रोबोटिक्स स्पर्धा’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या खर्चाच्या गोष्टी येतात. सुट्या भागांतून रोबो बनवायची स्पर्धा, म्हणजे काळ्या रेषेवरून धावणारा लाइन फॉलोअर, अडथळे चुकवणारा रोबो किंवा रोबो-सॉकर, हजारांत भागते. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड किंवा फर्स्ट लेगो लीगसारख्या, तयार किटवर खेळल्या जाणाऱ्या स्पर्धांना पहिल्याच वर्षी अर्ध्या लाखाच्या आसपास लागतात. कॉलेजांची रोबोकॉन लाखांत जाते.

काही स्पर्धांना मात्र शुल्कच नसतं. आयआयटी मुंबईचा ई-यंत्र उपक्रम केंद्र सरकारच्या पैशावर चालतो. त्याच्या स्पर्धेत प्रामुख्याने कॉलेजचे विद्यार्थी चार-चार जणांचे संघ करून उतरतात, बरंचसं काम घरबसल्या होतं आणि हार्डवेअरच्या टप्प्यापर्यंत पोहोचलेल्या संघांना किट मिळत आलं आहे. ज्या कॉलेजात रोबोटिक्सचं काहीच नाही, तिथल्या मुलांना मी पहिल्यांदा हाच रस्ता दाखवतो.

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि नियमपुस्तिका हातात घ्या. खर्चाच्या नजरेने तिच्यात चार गोष्टी शोधायच्या: कोणतं साहित्य चालतं, मैदान किती मोठं आहे, संघात किती मुलं लागतात आणि जिंकल्यावर पुढची फेरी कुठे असते. यातला चौथा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि तोच सगळ्यात महाग पडतो. जिल्ह्यात पहिला आलेला संघ राज्याच्या किंवा देशाच्या फेरीला पैशांअभावी गेला नाही, तर मुलांच्या मनावर जे होतं ते मी पाहिलं आहे. पुढच्या फेरीचे पैसे कुठून येतील हे नाव नोंदवायच्या आधी ठरवा.

संघाची वही: पहिलं वर्ष

चार मुलं आणि एक लाइन फॉलोअर एवढाच संघ धरू. भागांची यादी अशी होते:

मायक्रोकंट्रोलर बोर्ड (रोबोचा मेंदू), आर्डुइनो उनोच्या धर्तीचा: ५०० रुपये
मोटर ड्रायव्हर: २००
दोन छोट्या गिअर मोटर: ७००
चाकं आणि कॅस्टर (टेकू देणारं छोटं फिरतं चाक): २५०
रेषा ओळखणारी आठ सेन्सरची पट्टी: ७००
बॅटरी सेल, होल्डर आणि चार्जर: ६००
चॅसिससाठी (रोबोच्या सांगाड्यासाठी) कापून घेतलेलं एमडीएफ किंवा अ‍ॅक्रिलिक: २५०
वायरी, कनेक्टर, स्क्रू, सोल्डर: ४००

बेरीज ३,६०० रुपये. बहुतेक शाळा इथेच थांबतात. पण रोबो पहिल्या दिवसापासून बिघडायला लागतो, म्हणून सुट्या भागांचा दुसरा संच त्याच दिवशी घ्यायचा: एक बोर्ड, एक ड्रायव्हर, एक मोटर, म्हणजे आणखी १,०५०. सरावासाठी ट्रॅक हवा. सहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स छापून घेतला तर चौरस फुटाला १५ रुपयांप्रमाणे ७२० होतात. आता बेरीज ५,३७० झाली. त्यात प्रवेश शुल्क १,००० आणि एका दिवसाचा शंभर-सव्वाशे किलोमीटरचा प्रवास, रिक्षा, खाणं मिळून पाच जणांचे ४,००० धरा. एकूण १०,३७०. माहितीपत्रकावरचा ठळक आकडा खऱ्या खर्चाच्या दहाव्या हिश्श्याहूनही थोडा कमीच निघाला.

ड्रायव्हर सर्वांत आधी जळतो, कारण घाईत बॅटरी उलटी जोडली जाते. उलटा बसूच शकत नाही असा कनेक्टर तीस-चाळीस रुपयांना मिळतो. तो पहिल्याच खरेदीत घ्या, सोबत तीनशेच्या आसपासचा मल्टिमीटर घ्या, आणि जोडणी करण्याआधी व्होल्टेज मोजायची सवय मुलांना लावा. या दोन वस्तूंनी आमच्या शाळेचे जेवढे पैसे वाचवले तेवढे कुठल्याच सवलतीने वाचवले नाहीत.

खरेदीला पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत फिरा, मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर. ऑनलाइन भाव कमी दिसतो, पण दोनशेच्या वस्तूला साठ-सत्तर रुपये डिलिव्हरीचे लागतात आणि चुकीचा भाग आला की आठवडा जातो. आम्ही तीन शाळांची यादी एकत्र करून एकच मोठी ऑर्डर देतो, आणि अचानक लागलेल्या गोष्टींसाठीच पेठेत जातो. बिल मात्र प्रत्येक ठिकाणी घ्या. दर विचारताना ‘जीएसटी धरून की सोडून?’ हे लगेच विचारा, कारण इलेक्ट्रॉनिक्सच्या बहुतेक भागांवर १८ टक्के असतो आणि तो बिल हातात आल्यावर कळला तर यादीतली एखादी वस्तू परत ठेवावी लागते.

दुसऱ्या वर्षी बोर्ड, मोटर, मल्टिमीटर, ट्रॅक सगळं शाळेतच असतं. भागांचा खर्च दोन-अडीच हजारांवर येतो. पालकांना हे पहिल्याच सभेत सांगा. पहिल्या वर्षाचा आकडा बघून जे बिचकतात, ते दुसऱ्या वर्षाचा आकडा ऐकून मोकळे होतात.

किटवाल्या स्पर्धा

वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड २००४ पासून भरते. २०१६ ची जागतिक फेरी नवी दिल्लीत झाली होती, त्यानंतर आपल्याकडच्या बऱ्याच शाळांना ती ठाऊक झाली. इथे दोन-तीन मुलं आणि एक मार्गदर्शक असा लहान संघ असतो, त्यामुळे प्रवास स्वस्त पडतो. खर्च किटमध्ये आहे. लेगोचं स्पर्धेला पुरेसं किट आपल्याकडे साधारण अर्ध्या लाखाच्या घरात पडतं.

या आकड्याला घाबरू नका, तो वर्षांवर आणि संघांवर वाटून पाहा. ५०,००० चं किट चार वर्षं चाललं आणि दरवर्षी दोन वेगळ्या वयोगटांच्या संघांनी वेगवेगळ्या वेळी सराव करून वापरलं, तर एका संघाला वर्षाला ६,२५० रुपये पडतात. मात्र वाटणी चार वर्षांचीच धरा, दहा वर्षांची नाही. लेगोने माइंडस्टॉर्म्स या रोबो-किटांची मालिका २०२२ च्या अखेरीस बंद केली. ज्या शाळांनी त्याच्या जरा आधी ती किटं घेतली होती, त्यांना नंतर बॅटरी आणि केबल शोधत फिरावं लागलं. जुनं किट स्वस्तात मिळत असेल तर आधी बॅटरी काढून बघा. ती फुगलेली असेल तर किट घेऊ नका.

मैदानाची चटई पूर्ण मापाची छापून घ्या. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडच्या टेबलावरची चटई २३६२ बाय ११४३ मिलिमीटरची असते, म्हणजे आठ बाय चार फुटांच्या एका प्लायवर कडेच्या पट्ट्यांसकट बसते. छपाईवाल्याला ‘स्केल शंभर टक्के’ असं लिहून द्या आणि चटई हातात आल्यावर टेप लावून मोजा. एक सेंटिमीटर कमी-जास्त झालं तर मुलांनी महिनाभर बसवलेला प्रोग्राम स्पर्धेच्या टेबलावर चुकतो.

रोबोकॉनबद्दल थोडंसं

आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची ही स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली. २००८ आणि २०१४ ची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात झाली, आणि बालेवाडीच्या क्रीडासंकुलात अनेक वर्षं राष्ट्रीय फेऱ्याही भरल्या. दरवर्षी यजमान देश नवा खेळ ठरवतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा रोबो जसाच्या तसा चालत नाही. रोबोच्या नुसत्या खालच्या, चाकांवर फिरणाऱ्या भागाचा हिशेब बघा. चार प्लॅनेटरी गिअर मोटरचे १२,०००, दोन दुहेरी ड्रायव्हरचे ५,००० आणि कुठल्याही दिशेला सरकू देणाऱ्या चार ओम्नी चाकांचे ६,००० असे २३,००० झाले, आणि खेळायला तर अजून सुरुवातही झालेली नाही. त्यावर पकड, फेक, न्यूमॅटिक्स (दाबलेल्या हवेवर चालणारे भाग), सेन्सर, बऱ्याचदा दुसरा रोबो आणि सरावाचं मैदान.

कॉलेजच्या मुलांना माझा एकच सल्ला आहे. पहिला नमुना एमडीएफ आणि पुठ्ठ्याचा करा. अ‍ॅल्युमिनियम कापून आणल्यावर कल्पना चुकली हे कळतं तेव्हा गेलेले पैसे परत येत नाहीत. आणि भोसरी-चाकणसारख्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या लेझर कटिंगवाल्या वर्कशॉपशी ओळख करा. पैशांची मदत मागितली तर ‘बघू’ म्हणणारा मालक उरलेल्या पत्र्यातून तुमचे भाग आनंदाने कापून देतो.

प्रवास आणि बॅटरी

गावाकडच्या संघाचा अर्धा जीव प्रवासात जातो. ‘सकाळी आठला हजर राहा’ या एका ओळीने आदल्या रात्रीचा मुक्काम वाढतो. आयोजकांना लिहून, लांबून येणाऱ्या संघांची तपासणी उशिरा ठेवायला सांगा. आम्ही मागितलं तेव्हा दोनातून एकदा मिळालं. एसटीत महिलांना आणि मुलींना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धंच. खासगी गाडी ठरवण्याआधी संघाची यादी समोर ठेवून दोन्ही हिशेब करा. मुली जास्त असतील तर एसटी बरीच स्वस्त पडते.

विमानाने जायचं असेल तर लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, चेक-इन बॅगेत नाही. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० च्या मध्ये विमान कंपनीची मंजुरी लागते. व्होल्टेज गुणिले अँपिअर-तास एवढंच गणित आहे. ११.१ व्होल्टची २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २४.४ वॉट-तासांची, म्हणजे निर्धास्त. २२.२ व्होल्टची ५००० ची बॅटरी मात्र १११ वॉट-तासांची होते. ती विमानतळावर अडकली तर गावात पोहोचून नवी घ्यावी लागते, आणि हा खर्च कुठल्याच वहीत धरलेला नसतो.

संघ परदेशी जाणार असेल तर जिंकल्याच्या दिवशीच पासपोर्टचा अर्ज भरा. अठरा वर्षांखालच्या मुलांचं साधं शुल्क १,००० रुपये आहे. घाईचा पासपोर्ट त्याहून बराच महाग पडतो.

पैसे आणायचे कुठून

आपल्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का, हे आधी विचारा. नीती आयोगाच्या या योजनेत शाळेला २० लाखांपर्यंत मदत मिळत आली आहे, १० लाख उभारणीला आणि १० लाख पाच वर्षांच्या खर्चाला. कित्येक ठिकाणी थ्रीडी प्रिंटर, सोल्डरिंगची साधनं आणि बोर्ड कपाटात पडून असतात, आणि स्पर्धेचा संघ बाहेरून तेच विकत घेतो. शेजारच्या शाळेत लॅब असेल तर दोन शनिवार तिथे काम करू द्याल का, असं पत्र लिहा.

कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीतून, मदत मिळू शकते. कायद्यात ठरलेल्या आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात आणि शिक्षण त्यात बसतं. मात्र दुसऱ्या संस्थेमार्फत खर्च करायचा असेल तर त्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. ती शाळेच्या ट्रस्टची आहे का, हे मागायला जाण्याआधी पाहा. वर्षाचं नियोजन एप्रिलच्या आसपास होतं, त्यामुळे डिसेंबरच्या स्पर्धेसाठी नोव्हेंबरात गेलात तर हात हलवत परत याल. आणि देणगीदाराला देणगीवरच्या करवजावटीचं (‘८०जी’चं) आमिष दाखवताना सांभाळा, नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही.

माजी विद्यार्थी आणि गावातले दुकानदार हे मला सगळ्यात भरवशाचे वाटतात. त्यांच्याकडे ‘मदत करा’ म्हणून जाऊ नका, यादीतली एक ओळ घेऊन जा: ‘सेन्सरची पट्टी, ७०० रुपये.’ स्पर्धा झाल्यावर रोबोचा फोटो आणि बिलाची प्रत न मागता पाठवा. पुढच्या वर्षी तेच विचारतात, यंदा काय लागतंय म्हणून.

मुलांकडून वर्गणी घेत असाल तर सगळ्यांकडून सारखी घेऊ नका. शिक्षकाने प्रत्येक घराशी खासगीत बोलून आकडा ठरवावा, वर्गात यादी लावू नये. चांगला प्रोग्राम लिहिणारी एक मुलगी पाचशे रुपयांपायी संघातून गप्पपणे बाहेर पडली होती. कारण मला तीन आठवड्यांनी कळलं. तेव्हापासून आधी संघ ठरतो, पैसे नंतर.

आयोजकाची वही

आता दुसऱ्या बाजूला या. एका शाळेच्या सभागृहात एका दिवसाची स्पर्धा, ३० संघ, प्रत्येकी चार मुलं आणि एक शिक्षक. या वहीत दोन रकाने वेगळे आखले नाहीत तर सगळा हिशेब गढूळ होतो: संघ कितीही आले तरी होणारा खर्च, आणि संघामागे वाढणारा खर्च.

पहिल्या रकान्यात ट्रॅकची छपाई ४,०००, टेबल-खुर्च्या आणि ध्वनी १५,०००, विजेची जोडणी आणि जनरेटर ७,०००, सहा परीक्षकांचं मानधन आणि प्रवास ९,०००, बॅनर, छपाई, वेळ मोजायची साधनं ६,०००, बक्षिसं १२,०००, प्रथमोपचार, अग्निशामक, सफाई ३,००० आणि पंचवीस कार्यकर्त्यांचं खाणं ४,०००. बेरीज ६०,०००. त्यावर दहा टक्के अडीअडचणीला धरले की ६६,०००. दुसऱ्या रकान्यात पाच जणांचं जेवण-नाश्ता ८०० आणि बॅज-प्रमाणपत्रं १५०, म्हणजे संघामागे ९५०.

३० संघ आले तर एकूण खर्च ९४,५००, संघामागे ३,१५०. वीसच आले तर संघामागे ४,२५०. सगळा खर्च शुल्कातून काढायचं ठरवलं तर शुल्क तीन हजारांच्या वर जातं, गावाकडच्या शाळा गळतात, संघ कमी होतात, आणि संघामागचा खर्च आणखी वाढतो. म्हणून शुल्क दुसऱ्या रकान्याएवढंच ठेवा, म्हणजे १,०००. पहिला रकाना पूर्ण देणगीतून भरा, आणि तेवढी रक्कम कबूल झाल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. मग पाच संघ आयत्या वेळी आले नाहीत तरी तुम्ही बुडत नाही.

या मांडणीचा मोठा फायदा वेगळाच आहे. फुकट प्रवेश दिलेला संघ आयोजकाला ३,१५० ला पडतो असं समितीत कोणीतरी म्हणतंच. तसं नाही. सभागृह, परीक्षक, जनरेटर यांचे पैसे तर जाणारच आहेत, तो संघ फक्त ९५० रुपयांना पडतो. जिल्हा परिषदेच्या शाळांचे दहा संघ मोफत घेतले तर ९,५०० वाढतात, आमच्या बक्षिसांच्या रकमेपेक्षाही कमी. हा आकडा मी समितीपुढे फळ्यावर लिहिला आणि त्या वर्षी नऊ शाळा पहिल्यांदा आल्या. बक्षिसांची रक्कम त्यासाठी कमी करावी लागली तर जरूर करा. मोठ्या चषकापेक्षा हजार रुपयांचे सुटे भाग मुलांना जास्त उपयोगी पडतात.

वेळेचाही हिशेब पैशांत मोजा. ३० संघ, प्रत्येकी तीन फेऱ्या, तीन मिनिटं धाव आणि तीन मिनिटं अदलाबदल म्हणजे ५४० मिनिटं, एका ट्रॅकवर नऊ तास. संध्याकाळी साडेसातला बक्षीस समारंभ आणि शेवटची एसटी गेलेली, अशी अवस्था होते. दुसरा ट्रॅक छापायला हजार रुपये लागतात आणि वेळ साडेचार तासांवर येतो. याशिवाय सरावासाठी एक ट्रॅक वेगळा ठेवा, नाहीतर मुलं कॉरिडॉरमध्ये फरशीवर काळी टेप चिकटवतात आणि ती काढायचा खर्च तुमच्याकडे येतो.

वीज हा विषय सभागृहाच्या शिपायावर सोडू नका. संघामागे लॅपटॉप, चार्जर आणि सोल्डरिंग गन मिळून १४० वॉट धरले तरी ३० संघांचे ४.२ किलोवॉट होतात, म्हणजे अठरा अँपिअरच्या वर. भिंतीतल्या दोन सॉकेटवर एक्स्टेन्शन लावत गेलात तर तासाभरात एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडतो आणि त्यासोबत सगळ्यांची वेळापत्रकं. इलेक्ट्रिशियनला आदल्या दिवशी बोलावून मुख्य बोर्डवरून स्वतंत्र लाइन काढून घ्या. चार्जिंगसाठी एकच टेबल ठेवा, बाजूला वाळूची बादली आणि सतत एक मोठा माणूस.

रोबोंची लढाई भरवायचा आग्रह होईल, कारण गर्दी त्यालाच होते. शाळेत भरवू नका. उडालेला तुकडा अडवणारा पॉलिकार्बोनेटचा पिंजरा, विमा आणि प्रशिक्षित माणसं यांचा खर्च वरच्या संपूर्ण वहीएवढा होतो, आणि त्यात काटकसर करण्याजोगं काहीच नाही.

स्पर्धा संपल्यावर

आठ दिवसांत जमा-खर्च सगळ्या शाळांना आणि देणगीदारांना पाठवा, शिल्लक राहिली असेल तर तीही लिहा. संघांनी लिथियम पॉलिमर बॅटऱ्या पूर्ण चार्ज किंवा पूर्ण रिकाम्या ठेवू नयेत. सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास आणून थंड जागी ठेवल्या तर पुढच्या वर्षी दीड-दोन हजार वाचतात. ट्रॅकचा फ्लेक्स घडी न घालता पाइपवर गुंडाळा, छापलेली बाजू बाहेर ठेवून. घडीची रेघ पडली की सेन्सर तिथेच चकतो. आणि जळालेले भाग फेकण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: काय गेलं, कशामुळे गेलं, केवढ्याला आलं. तोच कागद पुढच्या जूनमध्ये खरेदीची यादी करताना समोर घ्यायचा आहे.